टिटवी आणि समुद्र

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ अशी एक म्हण मराठींत आहे. क्षुद्र वाटणाऱ्या जिवाच्या हातूनहि प्रसंगीं मोठें काम होतें, एवढाच तिचा अर्थ सहसा घेतला जातो. परंतु ही म्हण ज्या कथेंतून निघाली, ती पंचतंत्रांतील कथा नीट आठवून पाहिली तर तींत आणखीहि कांहीं सांपडतें. समुद्राच्या कांठीं टिटव्यांचें एक जोडपें राहत असे. अंडीं घालण्याची वेळ आली तेव्हां मादीला भय वाटूं लागलें कीं, भरतीचें पाणी येथवर चढतें, दुसरी जागा पाहिली पाहिजे. समुद्राची काय प्राज्ञा, अशा तोऱ्यांत नरानें तिची समजूत घातली. समुद्रानें ही प्रौढी ऐकली आणि अंडीं ओढून नेलीं. संतापलेला नर चोचीनें समुद्र उपसावयास निघाला. तेव्हां मादीनेंच त्याला समजावलें कीं, हें एकट्याचें काम नव्हे. आधीं चार पक्षी मिळवावे. पक्षी जमले, त्यांनीं गरुडाकडे गाऱ्हाणें नेलें, गरुडानें तें विष्णूच्या कानीं घातलें, आणि विष्णूनें दरडावलें तेव्हां कोठें समुद्रानें अंडीं परत केलीं. म्हणीनें सारें श्रेय टिटवीला देऊन टाकलें. कथेंत मात्र तें गाऱ्हाणें नेणाऱ्या समुदायाचें आहे.

कथाकारानें नेमकी टिटवीच निवडली, यांत त्याचें निरीक्षण दिसून येतें. टिटवी, चिखल्या, करवानक, सुरय ह्या पाण्याच्या कडेला वावरणाऱ्या मंडळींना झाडावर घरटें बांधणें ठाऊक नाहीं. उघड्या वाळूंत अथवा गोट्यांत जरासा खळगा करावयाचा आणि त्यांत दोन-चार अंडीं घालावयाचीं, हीच त्यांची रीत. अंड्यांचा रंग वाळूचा, वरचे ठिपके खड्यांचे. दोन हातांवरून गेलेल्या माणसालाहि तीं दिसत नाहींत. कुत्रा जवळ आला तर चिखल्या पंख मोडल्याचें सोंग करून फरफटत दूर जातो आणि त्या कुत्र्याला आपल्या मागें नेतो. हे सारे डावपेच शत्रूच्या डोळ्यांना फसविण्याचे आहेत. पाणी चढूं लागलें, किंवा न पाहतां चालणारा पाय येऊन पडला, म्हणजे ते कवडीमोल ठरतात.

पाणी चढावयास समुद्रच हवा असें मात्र नाहीं. सातारा जिल्ह्यांत उंब्रज येथें तारळी नदी कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक ह्या गांवीं आहे, आणि पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता गांवाला लागूनच जातो. उंब्रजपासून खालीं कऱ्हाड-सांगलीपर्यंत कृष्णेचें पाणी उन्हाळ्यांत उतरलें कीं वाळूचे व गोट्यांचे दांडे उघडे पडतात. नदी सुरय नांवाचा, करड्या पाठीचा, पिवळ्या चोचीचा आणि दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी देशांतील नद्यांच्या अशाच दांड्यांवर अंडीं घालतो. आतां वाळू बांधकामासाठीं उपसली जाते. आणि धरणांतून उन्हाळी आवर्तनाचें पाणी सुटलें कीं उरलासुरला दांडाहि एका रात्रींत बुडूं शकतो. शेतकऱ्याला तें पाणी हवेंच असतें, त्यांत कोणाचा दुष्टावा नाहीं. पण अंड्यांवर बसलेल्या सुरयाच्या दृष्टीनें धरणाचें आवर्तन आणि पंचतंत्रांतला समुद्र ह्यांत फरक तो काय? नद्यांच्या कांठीं एके काळीं सर्वत्र दिसणारा हा पक्षी २०२० सालीं जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या सूचींत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला.

त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागांत, खटाव तालुक्याच्या दुष्काळी मुलुखांत, मायणीचा तलाव आहे. तेथें हिवाळ्यांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरत आले आहेत, आणि २०२१ सालीं मायणीच्या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. उत्तरेकडून येणारे तुतवार आणि चिमणीएवढे टिलवे अशाच तळ्यांच्या व नद्यांच्या कांठीं चिखल टोचीत हिंडतात. त्यांचें माहेर सैबेरियाकडे. येथें ते हिवाळ्यापुरते पाहुणे. कृष्णाकांठीं उतरणाऱ्या ह्या पाहुण्यांचे भाऊबंद हजारोंच्या संख्येनें मुंबईच्या खाड्यांवर उतरतात, आणि ह्या पक्ष्यांसाठीं गाऱ्हाणें नेणारे लोक आपल्याकडे कोठून व कसे निर्माण झाले, तो इतिहासहि मुंबईचाच आहे.

आरंभीं पाहणारे होते ते बहुधा बंदूक घेऊन पाहत. पाणलाव्याची शिकार हा गोऱ्या अंमलदारांचा हिवाळ्यांतील आवडता खेळ असे. वेडेंवांकडें उडणारा हा पक्षी टिपण्यास विलक्षण नेम लागतो. इंग्रजींत लपून नेम धरणाऱ्या सैनिकाला ‘स्नायपर’ म्हणतात तो शब्द पाणलाव्याच्या इंग्रजी नांवावरून, हिंदुस्थानांतील ह्याच शिकारींतून गेला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचें नांव राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळें सर्वांना माहीत आहे; पण पक्षिशास्त्राच्या क्षेत्रांतहि त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळीं येथें नव्हता. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांपर्यंत जाऊन त्यांनीं समुद्रपक्ष्यांची माहिती मिळविली. त्यांनीं जमविलेलीं कातडीं व अंडीं मिळून सुमारें ८२,००० नग १८८५ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले. ग्रंथासाठीं वर्षानुवर्षें लिहिलेलीं त्यांचीं टिपणें मात्र शिमल्याच्या बाजारांत रद्दी म्हणून विकलीं गेलीं, आणि त्या धक्क्यानें त्यांनीं हा विषयच सोडून दिला. संग्रह उरला, टिपणें गेलीं. मेलेला पक्षी जाति सांगतो. तो कोठें, किती आणि कसा राहत होता तें टिपण सांगतें. ह्या दृष्टीनें पाहतां खरी हानि रद्दीवाल्याच्या दुकानांत झाली असें म्हणावें लागतें.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ एकत्र जमले आणि बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. आठांपैकीं दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थनासमाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबांचे बंधु आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. उरलेल्यांत ‘ईहा’ ह्या टोपणनांवानें लिहिणारे एटकिन होते. ते मीठ व जकात खात्यांत नोकरीस होते आणि चाकरीच्या निमित्तानें पाहिलेल्या कावळ्या-चिमण्यांवर अतिशय खुसखुशीत लिहीत. कोणालाहि ह्या कामाचा पगार नव्हता. आपापलीं निरीक्षणें एकमेकांस सांगावीं आणि नमुने दाखवावे, एवढाच हेतु होता. पण निरीक्षणें लिहून ठेवण्याची, आणि १८८६ पासून नियतकालिकांत छापण्याची संवय येथें लागली. पुढें जें कांहीं घडलें, त्याचें मूळ ह्या संवयींत आहे.

पक्षी मोजावयाचा तर तो ओळखतां आला पाहिजे, आणि हा तोच पक्षी हें सांगतां आलें पाहिजे. ही दुसरी अडचण डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग गांवच्या एका शाळामास्तरानें सोडविली. हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन त्याचें नांव. १८९९ सालीं त्यानें साळुंकीच्या कुळांतील १६५ पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं हलकीं वळीं घातलीं आणि प्रत्येक वळ्यावर क्रमांक कोरला. पक्षी कोठेंहि सांपडला तर क्रमांकावरून त्याची हकीकत कळावी, अशी ही साधी युक्ति. शाळेचें काम सांभाळून केलेल्या ह्या उद्योगानें जगांतील पक्षिसंशोधनाची दिशाच बदलली. आपल्याकडे १९२७ च्या सुमारास धार संस्थानच्या महाराजांच्या साहाय्यानें हाच प्रयोग सोसायटीनें सुरू केला. वळ्यावर मुंबईच्या सोसायटीला कळवा अशा अर्थाचे शब्द कोरलेले असत. दूरदेशींच्या एखाद्या शिकाऱ्यानें मारलेल्या बदकाच्या पायांत ‘मुंबई’ हें नांव सांपडावें आणि त्यानें पत्र पाठवावें, ह्यांतील नवल आजहि कमी झालेलें नाहीं. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या अरण्यांत एक नवा ताप आढळला. स्थलांतर करणारे पक्षी असे रोग आणतात कीं काय, ही शंका आली. तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें सलीम अली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें वळीं घालण्याचें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें. भयाच्या पोटीं कां होईना, पक्ष्यांच्या वाटा त्यामुळें नकाशावर आल्या.

कायद्याची बाजू सोसायटीचे मानद चिटणीस हुमायून अब्दुलअली यांनीं उचलून धरली. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा होण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. १९७२ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला. बंदूक हळूहळू खालीं आली. पण किनाऱ्याच्या पक्ष्याला बंदुकीपेक्षां मोठा शत्रु आतां पुढें होता. पक्षी मारणें हा गुन्हा झाला. पण ज्या चिखलावर तो पोट भरतो, तो चिखल भरून काढणें हा विकास ठरला. मुंबई सात बेटांची भर घालून झालेली नगरी. तेथें ओहोटीला उघडी पडणारी जमीन म्हणजे अद्याप न भरलेली जमीन, असेंच समजण्याचा प्रघात.

अशा जमिनीची किंमत सांगावयास आंकडा लागतो. १९७१ सालीं इराणांतील रामसर गांवीं पाणथळ जागांविषयीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या कसोट्यांपैकीं दोन थेट गणनेवर अवलंबून आहेत. एखाद्या जागीं नियमितपणें २०,००० वा अधिक पाणपक्षी असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकीं शेंकडा १ पक्षी तेथें असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली जावी. ‘पुष्कळ पक्षी दिसतात’ ह्या वाक्याला कचेरींत कोणी विचारीत नाहीं. तारीखवार आंकडे असले तर विचारावें लागतें. १९८७ पासून दर जानेवारींत आशियांतील पाणपक्ष्यांची गणना होऊं लागली आणि भारतांतील हौशी निरीक्षक तींत पहिल्यापासून आहेत. बँकेंतले कारकून, डॉक्टर, शिक्षक, महाविद्यालयांतील मुलें-मुली, निवृत्त मंडळी असे हे लोक. दुर्बीण ज्याची त्याची आणि प्रवासखर्चहि बहुधा ज्याचा त्याचा.

ही गणना करणें वाटतें तितकें सोपें नाहीं. ओहोटीच्या वेळीं पक्षी मैलोगणती चिखलावर पांगलेले असतात. म्हणून भरतीचें कोष्टक पाहून, पाणी चढत असतांना जागा धरावी लागते. चिखल बुडूं लागला कीं थवे शेवटच्या कोरड्या पट्ट्यावर दाटी करतात. मग आधीं दहा पक्षी मोजावयाचे, तेवढ्या दहांनीं दुर्बिणींतील किती जागा व्यापली तें डोळ्यांत बसवावयाचें, आणि त्या मापानें सारा थवा मोजीत जावयाचें. दोघांनीं वेगवेगळें मोजून आंकडे ताडून पाहावयाचे. मध्येंच एखादी घार आली कीं सारा थवा उठतो आणि सारें पुन्हां पहिल्यापासून. त्यांतहि टिलवे, तुतवार, चिखल्ये हिवाळ्यांत सारे एकाच मळकट करड्या रंगाचे. चोचीची वांकण, पायाचा रंग आणि उडतांना दिसणारी पंखावरची पांढरी रेघ ह्यांवरून जाति ओळखावी लागते. पहिल्या वर्षीं नवखा माणूस निम्म्या पक्ष्यांपुढें प्रश्नचिन्ह लिहितो, आणि ती प्रामाणिकपणाचीच खूण मानली पाहिजे.

ह्या नोंदवह्यांची खरी कसोटी ठाण्याच्या खाडीवर लागली. १९९० नंतरच्या दशकांत शिवडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले. एकीकडे तेलशुद्धीचे कारखाने, दुसरीकडे मोडींत काढलेलीं जहाजें, आणि मध्यें गुलाबी पक्षी! लहान रोहिताचें अन्न म्हणजे पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ, आणि तें येथें इतकें वाढण्याचें एक कारण महानगराचें सांडपाणी, असें अभ्यासकांचें मत आहे. निसर्गाचा हा न्याय विचित्र खरा. लोक पाहावयास येऊं लागले, सोसायटीनें तेथें पक्षिमेळे भरविले, आणि पुढील गणनांत खाडीवरील रोहितांची संख्या लाखाच्या घरांत गेली. २०१५ सालीं खाडीचा सुमारें १,६९० हेक्टरांचा भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें एका नागरिक-संस्थेच्या याचिकेवर राज्यांतील खारफुटीचा नाश करण्यास मनाई करणारा निकाल दिला. २०२२ सालीं ठाण्याची खाडी रामसरच्या यादींत गेली. गाऱ्हाणें गरुडापर्यंत पोहोंचलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या यशांत एक गोष्ट मात्र नजरेआड होते. रोहित गुलाबी आहे, उंच आहे, त्याचें छायाचित्र घ्यावेंसें वाटतें. त्याच्या पायांशीं चिखल टोचणारा वीतभर तुतवार कोणी पाहत नाहीं. किनारपक्ष्यांपैकीं जे खरोखर धोक्यांत आहेत, ते बहुतेक ह्या मळकट मंडळींपैकीं. आणि मुंबईंत त्यांना आसरा मिळाला तो रोहिताच्या पंखाखालीं. मोठ्याच्या आश्रयानें धाकट्याचें भलें व्हावें, हें वाईट नव्हे. परंतु आश्रयदाता उठून गेला तर काय, हा प्रश्न राहतोच.

शिवाय अभयारण्याची रेघ नकाशावर असते, भरती ती जाणत नाहीं. चिखल बुडाला कीं पक्ष्यांना तास-दोन तास विसांवा घ्यावयास आंतल्या बाजूचीं उथळ तळीं लागतात. भांडुप आणि नवी मुंबईंतील नेरूळ येथें अशीं तळीं आहेत. २०२४ सालीं नेरूळच्या एका तळ्याजवळ रोहित मेलेले आढळले, तेव्हां तळ्यांत भरतीचें पाणी येण्याची वाट बुजल्याची तक्रार आसपासच्या रहिवाशांनींच प्रथम पुढें आणली. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत घाटकोपरवर उतरतें विमान एका थव्याला धडकून तीसहून अधिक रोहित ठार झाले. शिवडीच्या चिखलावरून निघणारा समुद्रावरचा लांब पूल त्याच वर्षीं जानेवारींत सुरू झाला होता. ह्या घटनांचा परस्परांशीं संबंध जोडण्याची घाई करणें बरें नव्हे; पण असा प्रश्न पुढें आला म्हणजे, जुने आंकडे ज्यांच्या वहींत आहेत अशा लोकांकडेच जावें लागतें.

वाळूच्या चौपाट्यांची कथा निराळी. जुहू, वर्सोवा येथें माणसांची गर्दी, मोकाट कुत्रीं आणि कचरा. समुद्रपक्ष्यांना शेव-गांठ्या घालणारे पुण्यवान वेगळेच. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील कचरा २०१५ पासून स्वयंसेवकांनीं वर्षानुवर्षें उपसला आणि २०१८ सालीं तेथें कांसवाचीं पिलें समुद्राकडे जातांना दिसलीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें २००२ सालीं कांसवांच्या अंड्यांचें रक्षण आरंभिलें आणि गांवकरी त्यांत सामील झाले. पक्ष्यांसाठीं असा पहारा कसा असतो, तें पाहावयाचें तर न्यूयॉर्क शहराच्या रॉकअवे किनाऱ्याकडे पाहावें. तेथें शीळ घालणारा एक लहानसा चिखल्या ऐन गर्दीच्या चौपाटीवर अंडीं घालतो. १९८६ पासून त्याला तेथील कायद्याचें संरक्षण आहे; पण कायदा वाळूंत उभा राहत नाहीं, म्हणून २०२१ पासून शहरांतील स्वयंसेवक उन्हाळाभर दोरी बांधलेल्या जागेपाशीं उभे राहतात. ते कोणावर ओरडत नाहींत. येणाऱ्याला दुर्बीण देतात, पिलूं दाखवितात आणि कुत्रा बांधावयास सांगतात. आपल्या चौपाट्यांवरचे बहुतेक किनारपक्षी हिवाळी पाहुणे आहेत, त्यांचीं अंडीं येथें नसतात. पण उत्तरेकडे निघण्यापूर्वीं त्यांना अंगांत चरबी सांठवावी लागते, आणि प्रत्येक वेळीं उठविल्यानें ती खर्ची पडते. पोरानें गंमत म्हणून थव्यांत धांव घेतली तर थवा उडतो, सुंदर दिसतो. त्या उड्डाणाची किंमत दूरच्या प्रवासांत कोठें तरी चुकवावी लागते.

न मोजलेल्या पक्ष्याचें काय होतें, ह्याचें उदाहरण ताजें आहे. बारीक चोचीचा कोरल नांवाचा एक किनारपक्षी सैबेरियाकडून भूमध्य समुद्राकडे हिवाळ्यास जात असे. जुन्या लेखकांना तो इतका परिचयाचा होता कीं, त्याची गणना करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. त्याच्यासारखेच दिसणारे दुसरे दोन कोरल असल्यानें तो कमी होतो आहे हेंहि लौकर ध्यानांत आलें नाहीं. शिकार झाली, दलदली कोरड्या केल्या गेल्या. शास्त्रज्ञ शोधावयास निघाले तेव्हां मोरोक्कोच्या एका खाजणावर दोन-चार पक्षी काय ते उरले होते. १९९५ च्या फेब्रुवारीनंतर तेहि निश्चितपणें कोणाला दिसले नाहींत. २०२५ च्या ऑक्टोबरांत तो नष्ट झाल्याचें जागतिक निसर्गसंरक्षण संघानें जाहीर केलें.

त्याच्या आदल्या वर्षीं, २०२४ च्या ऑक्टोबरांत, ह्याच संघानें किनारपक्ष्यांच्या १६ जाति अधिक धोक्याच्या वर्गांत नेल्या. त्यांत करडा चिखल्या आणि वांकड्या चोचीचा तुतवार आहे. दगड उलथून किडे शोधणारा तो लहान पक्षीहि आहे. हे तिन्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत येतात, आणि त्यांची घट कळली ती अनेक देशांतील हौशी लोकांच्या जुन्या नोंदींवरून. जानेवारीच्या गणनेचा कागद साधाच असतो: जागेचें नांव, तारीख, वेळ, जाति, संख्या, मोजणाराची सही. तळें आटलेलें असलें किंवा पक्षी मुळींच दिसले नाहींत, तरी तो भरून पाठवावयाचा असतो.